गुरुवारची रेघ

जपानमध्ये मधुमेह हाताबाहेर गेला की माणसाला दोन आठवडे इस्पितळात ठेवून शिकवतात. गोळ्या, सुया, तपासण्या असतातच, पण भरती करण्याचा मुख्य हेतू शिक्षण. सकाळी वर्ग, दुपारी वर्ग, शेवटच्या शुक्रवारी प्रमाणपत्र. मी पदार्थविज्ञानात डॉक्टरेट केलेली, आयुष्याची निम्मी वर्षं कुठल्या ना कुठल्या बाकावर काढलेली. एकावन्नाव्या वर्षी वाटीत भात किती घ्यावा हे शिकायला कोणी मला कोंडून ठेवेल, असं वाटलं नव्हतं.

कोंडून हा शब्द अर्थात तिथे कोणी वापरला नाही. वार्षिक तपासणीत आकडे बाहेर आले, कंपनीचे डॉक्टर "जमल्यास विचार करावा" म्हणाले, आणि चार दिवसांत माझी रजा, माझी खाट आणि माझ्याऐवजी बैठकीला बसणारा माणूस, तिन्ही ठरलं होतं. इथे जमल्यास म्हणजे सोमवारी सकाळी नऊला.

इस्पितळ कावासाकीत, पाचवा मजला. खिडकी वीतभर उघडायची, पुढे अडसर. मनगटावर पिवळी पट्टी. तळमजल्यावरच्या कन्व्हिनियन्स स्टोअरमधली मुलगी पिवळी पट्टी दिसली की गोड हसायची आणि बिनसाखरेचा चहा पुढे करायची. दुसरं काही मागायची हिंमत मला झाली नाही.

आम्ही राहतो त्या ग्योतोकुतल्या मराठी मंडळींना मी कोबेला परिषदेला गेलोय असं सांगितलेलं होतं. ही बायकोची योजना.

"दोन आठवड्यांची परिषद?" मी फोनवर विचारलं.

"तुमच्या क्षेत्रात होतात असं सांगितलं. कोणी खोलात जात नाही रे. खरं सांगितलं तर संध्याकाळपर्यंत दारात चार किलो मेथी येईल. आणि जांभळाच्या बियांची पूड. आणि ती पूड घेऊन येणारी माणसं."

तिचं खरं होतं. दिवाळी तीन आठवड्यांवर होती आणि फराळाच्या याद्या फिरत होत्या. आमच्यात मधुमेह लपवायचा असतो तो लाजेपोटी नव्हे, सल्ल्यांपोटी. आणि एकदा जाहीर झाला की पंगतीत वाढणारी बाई तुमच्या ताटासमोर थांबते, चुकचुकते आणि जिलबी न वाढता पुढे जाते. ते चुकचुकणं जिलबीपेक्षा वाईट.

माझा आजार कधी सुरू झाला ते सांगता येत नाही, पण २०११च्या मोठ्या भूकंपानंतरच्या वसंतात त्याला बळ आलं असावं. अर्धी मराठी मंडळी तेव्हा पुण्या-मुंबईला निघून गेली. मी राहिलो, आणि नंतर दोन-तीन वर्षं मंडळाच्या कार्यक्रमांत "कठीण काळात जपान न सोडणारे" म्हणून माझा उल्लेख होत असे. खरं कारण असं की माझा पासपोर्ट नूतनीकरणासाठी वकिलातीत अडकला होता. ते दोन महिने बायको, मुलगी आणि मी साठवलेले नूडल्स आणि बिस्किटं खात घरात बसलो. त्या शौर्याची नोंद शरीराने आपल्या पद्धतीने घेतली.

खोलीत दोन खाटा. शेजारच्या खाटेवर एक सामोअन माणूस होता. खाट त्याला पुरत नव्हती. पावलं पलीकडच्या कठड्याबाहेर यायची, आणि त्यातल्या डाव्या पावलाला जाड पट्टी होती. तरुणपणी इथल्या एका कंपनीच्या रग्बी संघात खेळायला आलेला, गुडघा गेल्यावर त्याच कंपनीच्या गोदामात लागलेला, आता तिथला मुकादम. बायको सामोअन, डब्यांच्या कारखान्यात कामाला. सात वर्षांची मुलगी. पहिल्याच दुपारी त्याने माझ्याकडे पाहून विचारलं, "ब्रदर, तुझी किती?"

मी माझा आकडा सांगितला.

"बाळ आहेस," तो म्हणाला. "माझी सांगितली तर नर्स धावत येईल."

त्याने पावलाची गोष्ट हसत हसत सांगितली. गोदामात नव्या बुटाने करंगळीला फोड आला. दुखला नाही, कारण त्या पायाला आता काहीच दुखत नव्हतं. आठवड्याने मुलीने मोज्यावरचा डाग पाहिला. "बाबा, तुझ्या पायाने केचप खाल्लं."

मग न हसता त्याने वडिलांचं सांगितलं. ते ऑकलंडमध्ये होते. "आधी अंगठा कापला. नाताळच्या आत गुडघ्यापर्यंत. पुढच्या नाताळला ते नव्हते. माझी बहीण तिथे आठवड्यात तीनदा डायलिसिसला जाते. आमच्याकडे साखर म्हणजे पावसासारखी, कोणाच्या घरावर पडत नाही? पण एक लक्षात ठेव. सुरी एकदा लागली की थांबत नाही. मी सुरी लावू देणार नाही."

"अंगठा कापला म्हणून पुढचं झालं, की उशिरा कापला म्हणून?" मी विचारलं. संशोधकाची सवय.

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

वर्गात प्लास्टिकचं जेवण असायचं. आहारतज्ज्ञ बाई टेबलावर प्लास्टिकचा भात, प्लास्टिकचा मासा, प्लास्टिकचं तळलेलं वांगं मांडून ठेवायच्या, आणि आम्ही प्रत्येकाने आपापल्या ट्रेमध्ये दिवसाचं जेवण रचायचं. प्रत्येक पदार्थाचे ठरलेले गुण, बेरीज कोष्टकाबाहेर जाता कामा नये. कोष्टकात पोळी नव्हती, वरण नव्हतं, अळू नव्हतं. मी पोळीचं विचारलं तेव्हा बाईंनी वही काढून नोंद केली, माझे आभार मानले आणि मला प्लास्टिकचा पाव दिला. शेजाऱ्याने रचलेला ट्रे त्यांनी दोन्ही बाजूंनी पाहिला. मग म्हणाल्या, "हे कुटुंबासाठी का?"

"नाश्ता," तो म्हणाला.

तेवढ्यात जमीन हलली. लहानसा धक्का. त्या वर्षांत असे धक्के येतच होते. वर्गातल्या सगळ्यांनी एकदम वर दिव्याकडे पाहिलं. बाई हातातला प्लास्टिकचा मासा घट्ट धरून उभ्या राहिल्या. दिवा थांबल्यावर त्यांनी मासा खाली ठेवला आणि आम्ही पुन्हा बेरजा करू लागलो.

गुरुवारी सकाळी डॉक्टर आल्या. पस्तिशीच्या, बारीक, बोलताना किंचित वाकणाऱ्या. इस्पितळात दुभाष्याची सोय होती, मंगळवारी आणि शुक्रवारी, चिनी आणि पोर्तुगीज भाषेत. शेजाऱ्याची जपानी गोदामातली होती: उचल, थांब, मागे घे, मूर्खा. त्याच्या खाटेशेजारी इंग्रजी येणारा, नेहमी वाचत बसणारा भारतीय आहे, हे नर्सने डॉक्टरांना सांगितलेलं होतं. त्यांनी मला अतिशय आदराने विनंती केली. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. चार दिवसांत मला कोणी अक्कल असलेला माणूस म्हणून वागवलं नव्हतं.

त्यांनी जे सांगितलं ते असं. करंगळीचं हाड सडलं आहे. ती वाचणं थोडं कठीण वाटतं. जंतू वर सरकण्याआधी ती काढून टाकणं इष्ट ठरेल. उद्या ऑपरेशनची खोली मोकळी आहे. उशीर केल्यास पावलाच्या बाबतीत खेदजनक परिस्थिती उद्भवू शकते.

इतकी वर्षं इथे काढल्यावर "थोडं कठीण" म्हणजे काय हे मला चांगलं कळतं. वैद्यकीय शब्दही कळले. कळण्यात काही चूक झाली नाही.

शेजारी माझ्याकडे पाहत होता. एवढ्या मोठ्या देहाच्या माणसाचा चेहरा इतका लहान होऊ शकतो हे मी तेव्हा पाहिलं.

"त्यांना करंगळीची काळजी वाटते," मी इंग्रजीत म्हणालो. "एखादी छोटी प्रक्रिया करावी लागेल म्हणतात. साफसफाईसारखी. लवकर केली तर बरं."

"कापायचं म्हणतात?"

"तसं अजून... बघू म्हणतात."

आमच्या घरात वाईट बातमी आजारी माणसाला कधी सांगितली गेली नाही. ती बाहेर, व्हरांड्यात, थोरल्या भावाला सांगायची. माझ्या वडिलांना आपल्याला काय झालंय ते शेवटपर्यंत कळलं नाही, किंवा त्यांना कळलंय हे आम्हाला कळलं नाही. या पद्धतीला आम्ही माया म्हणत आलो. त्या सकाळी मी तीच माया केली. फरक इतकाच की इथे व्हरांड्यात थोरला भाऊ नव्हता. सगळं ऐकून पोटात ठेवणारा मी एकटाच होतो.

"रविवारनंतर करू म्हणावं," तो म्हणाला. "या रविवारी मुलांचा दिवस आहे."

त्यांच्या चर्चमध्ये ऑक्टोबरातला एक रविवार मुलांचा असतो. मुलं पांढरे कपडे घालतात, सगळ्यांसमोर पाठांतर म्हणून दाखवतात. आणि एरवी मोठ्यांनी आधी जेवायचं, मुलांनी उरलेलं; त्या एका दिवशी मुलं आधी बसतात आणि मोठी माणसं त्यांना वाढतात. त्याची मुलगी पहिल्यांदाच उभी राहणार होती.

मी डॉक्टरांना ते सांगितलं. थोडं रंगवून सांगितलं. धार्मिक बाब आहे म्हणालो. धर्म हा शब्द ऐकल्यावर त्या अर्धं पाऊल मागे सरल्या. बराच वेळ फायलीकडे पाहून म्हणाल्या, "चार तासांची परवानगी देता येईल. चाकांच्या खुर्चीत. डाव्या पायावर अजिबात भार नको. आणि थांबण्यात पावलाला धोका आहे, हे त्यांना नीट समजलंय ना?"

"हो," मी म्हणालो.

हा एक शब्द मी जपानीत बोललो. उरलेलं सगळं मऊ करणं म्हणता येईल. हा मात्र सरळ खोटेपणा होता.

"काय म्हणतात?" शेजाऱ्याने विचारलं.

"जा म्हणतात. शक्यतो खुर्ची वापर."

सोबत कोणीतरी हवं म्हणून मीच अर्ज भरला. बायकोला फोनवर सांगितलं.

"कोबेहून चर्चला चाललायस?" ती म्हणाली. "आपल्याकडच्या सत्यनारायणाला बोलावलं तर तुला प्रयोगशाळेत काम निघतं."

"हे वेगळं आहे."

"काय वेगळं आहे?"

नर्स आली असं सांगून मी फोन ठेवला.

चर्च म्हणजे एका शिकवणी वर्गाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर भाड्याने घेतलेला हॉल. लिफ्ट नव्हती. त्याने जिन्याकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं, आणि उठला. खुर्ची खाली, चपलांच्या कपाटाशेजारी घडी करून ठेवली. पट्टीवरून त्याने काळा बूट चढवला होता, नाडी न बांधता. कठड्याला धरून तो चढला. मी मागून चढत होतो, तो पडला असता तर मी त्याच्याखाली सापडलो असतो, बाकी माझा काही उपयोग नव्हता.

सात-आठ कुटुंबं होती. स्वागताचं भाषण झालं, मग त्या भाषणाचे आभार मानणारं भाषण. त्यात मी कुठेतरी "भारतातून आलेले थोर शास्त्रज्ञ" झालो. आमच्या मंडळातही शाल आणि नारळ देताना माणसाची उंची अशीच वाढवतात. समुद्र ओलांडल्याने या कलेत फरक पडत नाही. मग मुलं उभी राहिली. शेजाऱ्याची मुलगी दोन ओळी सामोअन भाषेत ठणठणीत बोलली, तिसरीला थांबली, आणि जपानीत म्हणाली, "विसरले." हॉल हसला. तो हसला नाही. उभा राहून ओठांनी तिला पुढची ओळ देत राहिला. ती त्याच्या ओठांकडे बघत संपेपर्यंत म्हणाली.

जेवणाआधी मी हात धुवायला बाहेर आलो, तर जिन्यात तीन मोठी माणसं शर्ट वर करून पोटात इन्शुलिन टोचत होती आणि रग्बीवर बोलत होती. एकाने सरकून मला जागा करून दिली. त्याला वाटलं मीही त्यासाठीच आलोय.

आत मुलं बसली आणि मोठी माणसं वाढू लागली. डुक्कर, कोंबडी, भाताचे डोंगर. अळूची पानं नारळाच्या दुधात शिजवलेली. कोष्टकात नसलेला माझा पदार्थ इथे ट्रेभर होता. एका म्हाताऱ्या बाईंनी माझ्यासमोर ताट ठेवलं.

"थोडंच," मी म्हणालो.

"तुझी बायको तुला खायला देत नाही का?" त्यांनी विचारलं आणि डाव दुसऱ्यांदा पालथा केला. नाही म्हणायचं शिक्षण मला कोणत्याच देशात मिळालं नाही. मी खाल्लं.

आणि खाता खाता त्याच्याकडे पाहत होतो. दोन्ही हातांत मोठा ट्रे घेऊन तो मुलांच्या रांगेतून फिरत होता. एक फेरी, दुसरी फेरी. डावा पाय जरा ओढत, पण दुखत नसल्यामुळे जराच. निरोगी माणूस ज्या पायावर उभाही राहिला नसता, त्यावर तो दोन तास वाढत होता, कारण त्या पायाने त्याला काही सांगणं बंद केलं होतं. आणि ज्याला माहीत होतं, त्यानेही.

तो जवळून गेला तेव्हा मी म्हणालो, "बस की जरा."

"मुलांचं होऊ दे, ब्रदर. वर्षातून एकदा वाढायला मिळतं."

तेव्हा ते एक वाक्य बोलता आलं असतं. मी शब्द जुळवलेसुद्धा. पण त्याची मुलगी त्याच्या ट्रेमधून कोंबडीची तंगडी उचलत होती, आणि सगळ्यांसमोर, इतक्या आनंदात, आत्ता कशाला? आमची माया नेहमी हेच विचारते. आत्ता कशाला?

त्याची बायको माझ्याशेजारी येऊन बसली. "इस्पितळात काय म्हणाले ते तुला नीट कळतं ना?" तिने विचारलं. "हा मला सांगतो, काही नाही, साफ करणार आहेत. तू होतास ना तिथे?"

"होतो," मी म्हणालो, आणि अळूचा घास घेतला.

सोमवारी सकाळी त्याला ताप होता. नर्सने पट्टी सोडली आणि खोलीत वास पसरला. तिने खिडकी उघडली, वीतभर. मी पडद्याच्या अलीकडे माझ्या खाटेवर बसून राहिलो. माझी उपाशीपोटीची साखर भरती झाल्यापासूनची सर्वांत जास्त आली होती, आणि आहारतज्ज्ञ बाई हळुवारपणे विचारत होत्या की रविवारी काय खाल्लं ते आठवतंय का. मला सगळं आठवत होतं.

डॉक्टर आल्या. पडदा सरकवून त्यांनी मला पुन्हा विनंती केली, गुरुवारइतक्याच आदराने. त्यांचं बोलणं आणखी मऊ झालं होतं, त्यावरूनच मी काय ते समजलो. लालसरपणा पावलाच्या मध्यापर्यंत आला होता.

"काय म्हणते?" शेजाऱ्याने विचारलं. ताप असूनही त्याचे डोळे स्वच्छ होते.

"पावलाचा पुढचा भाग कापायचा आहे," मी म्हणालो. "आज. पाचही बोटं आणि थोडं मागेपर्यंत. नाही कापलं तर पुढे गुडघ्याखाली कापावं लागेल, किंवा रक्तात जंतू जाऊन तू मरशील." इंग्रजीत ते दहा सेकंदांत बोलून झालं. इतकं लहान होतं ते.

त्याने मान उचलून पावलाकडे पाहिलं.

"आणखी एक आहे. गुरुवारी त्यांनी करंगळी कापायची म्हटलं होतं. उद्याच कापू म्हटलं होतं. उशीर केला तर धोका आहे म्हटलं होतं. मी तुला सांगितलं नाही."

"तू साफसफाई म्हणालास."

"हो."

"तुला कळलं नव्हतं?"

"कळलं होतं."

त्याने डोळे मिटले. मी वाट पाहत होतो की तो ओरडेल. त्याने ओरडायला हवं होतं. त्याच्या एका हाताने मला भिंतीला लावता आलं असतं. तो डॉक्टरांकडे वळला आणि आपल्या गोदामातल्या जपानीत म्हणाला, "तू चित्र काढ. कागद. पाय काढ."

डॉक्टर एकदम समजल्या. फायलीतला कागद उलटा करून त्यांनी पावलाचं चित्र काढलं, शाळेतल्या मुलीसारखं, पाच गोल बोटांचं. मग एक आडवी रेघ मारली, पावलाच्या जवळजवळ मध्यावर.

"आज," तो म्हणाला, रेघेवर बोट ठेवून. "गुरुवारी?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली असावी, कारण त्यांनी मला काही विचारलं नाही. पेन घेतलं आणि करंगळीच्या मुळाशी एक लहानशी रेघ मारली, नखाएवढी.

तो दोन्ही रेघांकडे पाहत राहिला. डॉक्टर वाकल्या आणि जपानी पद्धतीने क्षमा मागितली: मी नीट पोहोचवू शकले नाही. त्यांची त्यात काहीच चूक नव्हती. परवानगीच्या कागदावर सही त्यांची होती, म्हणून त्यांनी मागितली. माझ्या तोंडून ती अजून निघाली नव्हती. ती मी तेव्हा मागितली. त्याने ऐकली की नाही, मला माहीत नाही.

"कापलं की चालता येईल?" त्याने डॉक्टरांना विचारलं.

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तर त्याने हात वर करून मला थांबवलं. डॉक्टर सावकाश, सोप्या जपानीत म्हणाल्या, "चालता येईल. बूट वेगळा. धावता येणार नाही. पुन्हा कापावं लागणार नाही, असं मी सांगू शकत नाही." पहिल्यांदाच त्या सरळ बोलल्या. आम्ही दोघंही त्याला इतके दिवस जपत होतो.

मग संमतीचा अर्ज आला. चार पानं, बारीक अक्षर, जपानी. त्याची बायको कारखान्यातून निघाली होती, पण पोहोचायला तास लागणार होता आणि ऑपरेशनची खोली दुपारी दोनला ठरली होती. अर्ज त्याच्या छातीवर पडून होता. त्याने तो उचलून माझ्याकडे धरला.

"दुसरं कोणीतरी बघू का?" मी म्हणालो. "फोनवरून दुभाष्या मिळतो का विचारतो."

"तूच वाच," तो म्हणाला. "सगळं. एक शब्द गाळायचा नाही. मला बरं वाटावं म्हणून काही घालायचं नाही. माझी मुलगी पाठांतर म्हणते तसं म्हण. अर्थ माझा मी बघेन."

मी पडद्याच्या पलीकडे गेलो, त्याच्या खाटेजवळची खुर्ची ओढली आणि वाचू लागलो. आजाराचं नाव. शस्त्रक्रियेचं नाव. काय कापणार, कुठून, किती. भूल देण्यातले धोके. रक्तस्राव. जखम न भरणं. पुन्हा शस्त्रक्रिया. मी एक ओळ जपानीत वाचायचो आणि तीच इंग्रजीत सांगायचो. मध्येच माझा आवाज खाली गेला की तो म्हणायचा, "मोठ्याने." तिसऱ्या पानावर एका ओळीत मृत्यू होता. मी थांबलो. पानाच्या कडेला इस्पितळाचा लाल शिक्का होता, तोच क्षणभर पाहत राहिलो.

"काय लिहिलंय?"

मी ते वाचलं.

"पुढे," तो म्हणाला.